‘पिन तुम्हीच टाकला ना?’ — फसव्या मेलचा कायदा आणि त्यातले शब्द

(हदगाव येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वेचणीचे दिवस आहेत. मजूर मिळत नाही, घरी कापूस पडून आहे, आणि अशा वेळी तुम्हाला इथे बोलावून आम्ही कायद्यातल्या व्याख्यांवर बोलणार आहोत. कोणी म्हणेल, भाषणाला दुसरा विषय मिळाला नाही काय? पण गेल्या हंगामात आपल्यातल्याच एका माणसाचे 18 हजार 500 रुपये गेले, आणि ते परत का मिळाले नाहीत याचा शोध घेत गेलो तेव्हा आम्ही एका शब्दाशी येऊन थांबलो. चोर सापडला नाही हे खरे. पण चोर सापडण्याच्या आधीच एका शब्दाने त्या माणसाची वाट अडवली होती. तो शब्द आज तुमच्यापुढे मांडायचा आहे.

व्याख्या म्हणजे काय हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. कापसात ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या लेखी तो घेण्याजोगा कापूस राहत नाही. घरी आणला तेव्हा तो कापूस होता, रस्त्याने कापूस होता, काट्यावर मात्र तो राहिला नाही. दुष्काळाचेही तसेच. डोळ्यांदेखत ज्वारी वाळून गेली तरी पैसेवारी 50 च्या आत आल्याशिवाय कित्येक वर्षे सरकारच्या कागदावर दुष्काळ पडत नव्हता. पुढे 2016 साली केंद्राची दुष्काळ संहिता आली, निकष बदलले, पण रीत तीच राहिली. आधी व्याख्या, मग मदत. जो व्याख्येत बसला तो पात्र, जो बसला नाही तो घरी.

फसव्या मेलच्या बाबतीतही हेच चालू आहे. फरक इतकाच की ओलाव्याचे आपल्याला कळते, आणि या व्याख्यांविषयी आपल्याला कोणी सांगितलेलेच नाही.

काय घडले

आमचा हा माणूस इथेच बसला आहे. त्याचे नाव घेत नाही. फसला तो, आणि लाजही त्यालाच वाटते, अशी आपल्याकडची रीत आहे. त्याने सौर पंपासाठी अर्ज भरला होता. अर्जात मेलचा पत्ता पुतण्याचा दिला होता. एका शुक्रवारी संध्याकाळी त्या पत्त्यावर मेल आला. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, सही, जावक क्रमांक. अर्ज मंजूर झाला आहे, शेतकऱ्याचा हिस्सा दोन दिवसांत भरा, नाही तर नंबर दुसऱ्याला जाईल. खाली खाते क्रमांक. अर्जातले नाव बरोबर, गाव बरोबर, गट नंबरसुद्धा बरोबर. मग संशय कसा यावा? पुतण्याने मोबाईल धरला, काकाने आपल्या हाताने पिन टाकला आणि पैसे गेले.

सोमवारी सेवा केंद्रात विचारले तेव्हा कळले की असा मेल कोणी पाठवलेला नाही. मंगळवारी तो बँकेत गेला. तिथे झालेले बोलणे त्याने आम्हाला जसेच्या तसे सांगितले.

“काका, पिन कोणी टाकला?”

“म्याच टाकला की.”

“ओटीपी, पिन कोणाला सांगितला होता का?”

“नाही साहेब, कोणालाच नाही.”

“मग यात बँकेचा काय संबंध? तुमच्याच मंजुरीने पैसे गेलेत. पोलिसांत जा.”

बुधवारी तो पोलिसांत गेला. तिथे म्हणाले, “मामा, तुम्ही स्वतःच्या हाताने पैसे पाठवले, ही चोरी कशी होईल? सायबरला जाऊन या.” सायबर म्हणजे नांदेड. एक दिवसाची मजुरी बुडवून तो नांदेडला गेला. तोवर पाच दिवस उलटले होते. पैसे त्या खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाऊन निघून गेले होते.

बँकेतल्या माणसाने आणि ठाण्यातल्या माणसाने, दोघांनीही एकच गोष्ट सांगितली. तुम्ही स्वतःच्या हाताने दिले. आम्ही कायद्याची पुस्तके उघडली ती एवढे एक वाक्य तपासायला. जे सापडले ते असे.

कायदा ‘फसवणूक’ कशाला म्हणतो

चारशेवीस हा आकडा आपल्याकडे शिवी म्हणून वापरतात. भारतीय दंड संहितेत ते फसवणुकीच्या शिक्षेचे कलम होते. 1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि तो नंबर गेला. आता फसवणुकीचे कलम आहे 318. नंबर बदलला, पण फसवणुकीची मूळ कल्पना 1860 सालापासून तीच आहे.

ती साध्या भाषेत अशी. कोणी दुसऱ्याला खोटे भासवले, अप्रामाणिक हेतूने भासवले, त्या भासवण्यामुळे समोरचा माणूस आपली मालमत्ता द्यायला प्रवृत्त झाला, आणि त्याने ती दिली, म्हणजे फसवणूक झाली. चार गोष्टी आहेत. भासवणे, अप्रामाणिक हेतू, प्रवृत्त करणे आणि देणे.

आता शेवटच्या दोन गोष्टी पुन्हा ऐका. प्रवृत्त करणे आणि देणे. माणसाने स्वतः दिले पाहिजे! न सांगता घेऊन गेला तर ती चोरी. धाक दाखवून घेतले तर ती खंडणी. खोटे सांगून तुमच्याच हाताने द्यायला लावले तर ती फसवणूक. म्हणजे ‘तुम्ही स्वतःच्या हाताने दिले’ हे वाक्य गुन्हा नसल्याचा पुरावा नाही, फसवणुकीची ती खूणच आहे. ठाण्यात आमच्या माणसाला जे ऐकवले ते अर्धे खरे होते. ती चोरी नव्हती. पण फसवणूक होती, आणि कलम 318 च्या चौथ्या पोटकलमात तिला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दुसरा शब्द ‘तोतयेगिरी’. आपण जो नाही तो आहे असे दाखवून फसवणे. न्याय संहितेत हे कलम 319. तोतया जिवंत माणसाचाच असला पाहिजे असे नाही, नसलेल्या माणसाच्या नावाने फसवले तरी कलम लागते. आणि हीच तोतयेगिरी मोबाईल किंवा संगणकावरून केली तर माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 याचे कलम 66 डी लागते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तुमचा पासवर्ड किंवा ओळखीची दुसरी खूण वापरून कोणी गैरव्यवहार केला तर 66 सी. राजमुद्रेचे खोटे पत्र बनवले असेल तर बनावट दस्तऐवजाचे कलम 336, आणि ते खरे म्हणून वापरले त्याचे 340. या कलमांत कागदी पत्र आणि इलेक्ट्रॉनिक पत्र यांत भेद केलेला नाही.

काही जण विचारतात, मेल नव्हता, व्हॉट्सअॅपवर आले होते, मग हा कायदा लागतो का? लागतो. 66 डी मध्ये मेल हा शब्दच नाही. ‘संपर्काचे साधन’ असा शब्द आहे आणि मोबाईल त्यात येतो. मेल असो, एसएमएस असो, पीएम किसानच्या नावाने आलेली खोटी एपीके फाईल असो, ठाण्यात सांगायचे ते एकच. मोबाईलवरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवले.

एक कलम होते, ते गेले

खास फसव्या मेलसाठी एक कलम होते. त्याचे काय झाले हेही सांगितले पाहिजे.

2008 साली माहिती तंत्रज्ञान कायद्यात दुरुस्ती झाली आणि 66 ए हे कलम आले. 27 ऑक्टोबर 2009 पासून ते लागू झाले. त्याच्या तिसऱ्या भागात असे होते की त्रास किंवा गैरसोय करण्यासाठी, अथवा संदेश कोठून आला याविषयी घेणाऱ्याला फसवण्यासाठी मेल पाठवणे हा गुन्हा आहे. यातला दुसरा अर्धा भाग आपल्या कामाचा होता. संदेश कोठून आला हे लपवणे, हेच तर फसव्या मेलचे मूळ! कोणाचे पैसे जाण्याची वाट न पाहता नुसता खोटा मेल पाठवणाऱ्याला त्यात धरता आले असते.

पण त्याच कलमात ‘त्रास’, ‘गैरसोय’, ‘अतिशय आक्षेपार्ह’ असे शब्द घातले होते आणि त्यांचा अर्थ कुठेच दिला नव्हता. त्रास कोणाला झाला? किती झाला? ठरवणार कोण? तर ठाण्यातला अधिकारी. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले, त्या वेळी बंद पाळला गेला. पालघरच्या एका मुलीने त्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, दुसरीने त्या आवडल्या असे बटण दाबले. दोघींना अटक झाली. लावलेल्या कलमांत 66 ए होते. ज्या कलमाने खोटा मेल पाठवणारा धरायचा, त्याच कलमाने बटण दाबणारी मुलगी धरली गेली.

या प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली. 24 मार्च 2015 रोजी श्रेया सिंघल विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयाने 66 ए पूर्ण रद्द केले. शब्द इतके ढिले होते की त्यात काय येते आणि काय येत नाही हे कोणालाच सांगता येत नव्हते. आम्ही त्या निकालाचे स्वागत करतो. आंदोलन करणाऱ्या माणसाला ढिल्या शब्दांचा कायदा किती महागात पडतो हे आम्हाला वेगळे सांगायला नको. पण कलम पूर्ण गेले तेव्हा त्यातला कामाचा तुकडाही गेला. तो तुकडा नीट शब्दांत पुन्हा लिहून आणावा असे सरकारला काही वाटले नाही. पाठवणाऱ्याचा खोटा पत्ता आणि खोटा विषय घालणे यावर अमेरिकेने 2003 सालीच स्वतंत्र कायदा केला आहे. आपल्याकडे नुसता खोटा मेल धाडणाऱ्याला आजही फसवणुकीच्या प्रयत्नात किंवा बनावट दस्तऐवजात ओढून-ताणून बसवावे लागते.

रद्द झाल्यावरही ठाण्यांमधून 66 ए लावणे चालूच राहिले. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. म्हणून तुमच्या फिर्यादीत कोणी 66 ए लिहीत असेल तर तिथेच थांबवा. 66 डी लिहायला सांगा. एका अक्षराचा फरक आहे, पण एक कलम जिवंत आहे आणि एक मेलेले.

आणखी एक निकाल ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मार्च 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात नॅसकॉम या संगणक कंपन्यांच्या संघटनेचा दावा होता. तिच्या नावाने खोटे मेल पाठवून लोकांची माहिती काढून घेतली जात होती. अशा प्रकाराला जगात ‘फिशिंग’ म्हणतात, म्हणजे गळ टाकणे. यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही हे न्यायालयाने नोंदवले, तरी ते बेकायदेशीर ठरवले आणि त्याची व्याख्या केली. चांगले झाले. पण दाद कोणाला मिळाली? जिचे नाव वापरले त्या संघटनेला. ज्यांना मेल आले ते त्या दाव्यात नव्हतेच. नाव चोरीला गेलेल्याला न्यायालयाची वाट माहीत होती आणि वकीलही होता. गळाला लागलेल्या माशाचे काय, हा प्रश्न तिथे उभा राहिला नाही.

बँकेच्या नियमातला शब्द

आता आमच्या माणसाची वाट अडवणाऱ्या शब्दाकडे येऊ.

6 जुलै 2017 रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरात निघाले. ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या मंजुरीशिवाय पैसे गेले तर नुकसान कोणी सोसायचे हे त्यात ठरवून दिले. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने तक्रार केली असो वा नसो, त्याच्यावर एक पैसाही नाही. चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणाची असेल, तर बँकेकडून कळवले गेल्यापासून कामकाजाच्या 3 दिवसांच्या आत तक्रार केल्यास ग्राहकावर काही नाही. 4 ते 7 दिवस लागले तर साध्या मूलभूत खात्याला जास्तीत जास्त 5 हजार आणि नेहमीच्या बचत खात्याला 10 हजार रुपयांपर्यंत तोटा सोसावा लागतो. 7 दिवसांनंतर बँकेच्या धोरणावर. आणि ग्राहकाने स्वतः पिन, ओटीपी दुसऱ्याला सांगितला असेल तर तक्रार करेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे, तक्रारीनंतर जे जाईल ते बँकेचे.

तक्रार आल्यापासून कामकाजाच्या 10 दिवसांत ती रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची आणि 90 दिवसांत निकाल लावायचा, असेही त्यात आहे. ग्राहकाची चूक आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला आहे. म्हणजे ‘तुमची चूक नाही हे दाखवा’ असे बँकेने म्हणायचे नाही. ‘तुमची चूक आहे’ हे बँकेने दाखवायचे.

नियम चांगला आहे. पण त्याचे दार एका शब्दावर टांगलेले आहे. तो शब्द ‘अनधिकृत’ व्यवहार. खातेदाराच्या मंजुरीशिवाय झालेला व्यवहार. आमच्या माणसाने पिन कोणाला सांगितला नव्हता. त्याने तो स्वतः टाकला. बँक म्हणते, पिन म्हणजे मंजुरी, मग हा व्यवहार अधिकृत झाला, आणि अधिकृत व्यवहाराला हे परिपत्रक लागूच नाही.

बंधूंनो, इथे दोन्ही कायदे शेजारी ठेवून पहा. फौजदारी कायदा म्हणतो, खोटे सांगून तुमच्याच हाताने द्यायला लावले म्हणून ही फसवणूक. बँकेचा नियम म्हणतो, तुमच्याच हाताने दिले म्हणून यात आमचे काही नाही. एकच कृती. एका पुस्तकात ती गुन्ह्याची खूण आहे, आणि दुसऱ्या पुस्तकात भरपाई नाकारण्याचे कारण. आमचा माणूस या दोन पुस्तकांच्या मधल्या धुऱ्यावर उभा राहिला आणि दोन्ही बाजूंनी हाकलला गेला.

हे असेच असले पाहिजे काय? नाही. इंग्लंडमध्येही बँका हेच म्हणत होत्या. तिथे 7 ऑक्टोबर 2024 पासून नियम बदलला. खातेदाराने फसून स्वतः मंजुरी देऊन पैसे पाठवले असतील तरी 85 हजार पौंडांपर्यंतची रक्कम परत करायची, आणि तो भार पैसे पाठवणारी बँक आणि पैसे घेणारी बँक यांनी निम्मा निम्मा वाटून घ्यायचा. अगदीच बेफिकिरी केली असेल तर अपवाद आहे. घेणाऱ्या बँकेवर निम्मा भार का टाकला? कारण चोराचे खाते तिनेच उघडून दिलेले असते.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. पुण्याच्या पूना ऑटो अॅन्सिलरीज या कारखान्याच्या खात्यातून फसव्या मेलला उत्तर दिल्यामुळे 80 लाखांहून अधिक रक्कम गेली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्यात अशा भरपाईसाठी न्यायनिर्णय अधिकारी असतो. राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे काम पाहतात, आणि 5 कोटींपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. या अधिकाऱ्यांनी 2013 साली पंजाब नॅशनल बँकेने 45 लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. मेलला उत्तर दिले म्हणून काही वाटा तक्रारदारावर ठेवला. पण चोरांची खाती उघडताना नीट तपासणी केली नाही याचा जाब बँकेला द्यावा लागला. ‘उत्तर तुम्हीच दिले’ असे म्हणून प्रकरण तिथे संपले नाही. कारखानदाराला जे मिळाले ते कापूसवाल्याला का मिळू नये? फरक कायद्यात नाही. फरक इतकाच की कारखानदाराला त्या दाराची माहिती होती.

मग करायचे काय

पहिली गोष्ट, लाज सोडायची. फसलेला माणूस दोन दिवस घरात गप्प बसतो, आणि चोराला तेवढेच दोन दिवस पाहिजे असतात. गारपिटीने नुकसान झाले की 72 तासांत विमा कंपनीला कळवण्याचा नियम आपल्याला पाठ झाला होता. इथे तर 72 मिनिटेही जास्त आहेत.

पैसे गेल्याचे कळताच 1930 या क्रमांकाला फोन करा. देशभर हाच क्रमांक आहे. पैसे ज्या खात्यात गेले ते तिथेच रोखण्याची व्यवस्था या फोनमागे आहे. बँकेचा मेसेज समोर ठेवा. तारीख, वेळ, रक्कम आणि व्यवहाराचा क्रमांक ते विचारतात. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर मुलाकडून तक्रार नोंदवून घ्या आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहा.

त्याच दिवशी बँकेला कळवा. बँक बंद असेल तर तिच्या तक्रार क्रमांकावर. दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी सांगितलेले बँकेत कोणाला आठवत नाही. आज कोणता नियम लागू आहे तो लेखी द्या म्हणावे. अर्ज नाकारायचा असेल तर तोही लेखी नाकारा म्हणावे. 30 दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला पैसे पडत नाहीत.

ठाण्यात ‘सायबरला जा’ म्हणाले तर नम्रपणे सांगा की नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी खबर लिहून घ्यावी लागते. तपास निरीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा हे खरे, पण तो नियम तपासाचा आहे, खबर घेण्याचा नाही.

आणि अर्ज लिहिताना शब्द जपून वापरा. ‘माझ्या खात्यातून पैसे चोरीला गेले’ असे लिहू नका. ‘मी चुकून पैसे पाठवले’ असे तर मुळीच लिहू नका. या एका ‘चुकून’ने अर्ध्या फिर्यादी मरतात. असे लिहा :

“अमुक तारखेला अमुक वाजता मला अमुक पत्त्यावरून मेल आला. पाठवणाऱ्याने आपण अमुक सरकारी कार्यालय आहोत असे खोटे भासवले आणि बनावट पत्र जोडले. ते खरे समजून, त्या भासवण्यामुळे प्रवृत्त होऊन, मी अमुक खात्यात अमुक रक्कम पाठवली. खरे माहीत असते तर मी पाठवली नसती. मी पिन किंवा ओटीपी कोणालाही सांगितलेला नाही. तरी भारतीय न्याय संहिता कलम 318, 319, 336, 340 आणि माहिती तंत्रज्ञान कायदा कलम 66 डी प्रमाणे गुन्हा नोंदवावा.”

भासवले, प्रवृत्त होऊन, पाठवली. व्याख्येतले शब्द एकामागून एक आले पाहिजेत. जे घडले नाही ते मात्र लिहू नका. ओटीपी सांगितला असेल तर सांगितला असेच लिहा. खोटी फिर्याद पहिल्याच तारखेला पडते. आणि मेल पुसून टाकू नका. बोगस बियाण्याच्या तक्रारीला पिशवी आणि पावती जशी लागते, तसा इथे तो मेल लागतो. मोबाईलमधून काढला तर पिशवी जाळल्यासारखे आहे.

फसण्याआधीची दोन ओळखी सांगून ठेवतो. सरकारी पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन किंवा निक डॉट इन असते. रिझर्व्ह बँकेने 2025 साली बँकांना आपली संकेतस्थळे बँक डॉट इन या नावावर न्यायला सांगितले आहे. नाव सरकारी आणि पत्ता जीमेलचा, असे दिसले की तिथेच थांबा. एसएमएस असेल तर पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी इंग्रजी अक्षर असते. जी म्हणजे सरकार, एस आणि टी म्हणजे सेवा आणि व्यवहार, पी म्हणजे जाहिरात. मेलला आणि व्हॉट्सअॅपला हे अक्षर नसते, म्हणून चोर तिथेच जास्त फिरतात. आणि सेवा केंद्रात अर्ज भरताना मेलचा पत्ता घरच्या माणसाचाच द्या, केंद्रवाल्याचा नको.

आमचे मागणे

या बैठकीपुढे आम्ही तीन मागण्या ठेवतो. एक, भरपाईच्या नियमातली ‘अनधिकृत’ व्यवहाराची व्याख्या बदलून फसवून घेतलेली मंजुरी ही मंजुरी नव्हे असे त्यात स्पष्ट लिहावे, आणि चोराचे खाते उघडणाऱ्या बँकेने भाराचा वाटा उचलावा. दोन, संदेश कोठून आला याविषयी मुद्दाम फसवणाऱ्यापुरते, नेमक्या शब्दांचे कलम कायद्यात परत आणावे. त्यात ‘त्रास’ आणि ‘गैरसोय’ हे शब्द नकोत. एक पालघर पुरे झाले. तीन, भरपाईचा दावा ऐकण्याची सोय जिल्ह्याच्या गावी करावी. 18 हजारांसाठी हदगावचा माणूस मुंबईला खेटे घालू शकत नाही हे सचिवांनाही कळते.

आमच्या माणसाचे पैसे आले काय, असे तुम्ही विचाराल. अजून आले नाहीत. पण त्याने अर्ज पुन्हा लिहिला आहे, वर सांगितलेल्या शब्दांत. या वेळी पोलिसांनी गुन्हा नोंदवला. बँकेला ‘अधिकृत’ या शब्दाचा आधार लेखी मागितला आहे. पहिल्या खेपेला त्याला दोन मिनिटांत बाहेर काढले होते. या खेपेला साहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि बसायला खुर्ची दिली. एवढेच झाले आहे. पुढचे पुढच्या बैठकीत सांगू.

हा अर्जाचा नमुना फाडून घरी न्या आणि सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवा. लागू नये अशीच इच्छा आहे. पण लागला तर त्या दिवशी शोधत बसायला वेळ नसतो.